एसी तोच, बिल कमी: उन्हाळ्यात घर गार ठेवण्याच्या सवयी

एकसारखी दोन घरं, एकसारखे एसी, तरी वीजबिलात मोठा फरक पडू शकतो. खिडक्या कधी उघडतात आणि रिमोटवर कोणता आकडा असतो, हे आधी पाहा.

1. सकाळी घर बंद करा. आत आणि बाहेर सावलीत एकेक साधा थर्मामीटर टांगा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा वर गेला की खिडक्या लावून घ्या. दुपारी वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवली तर आतल्या भिंती आणि फरशीही तापतात, आणि ती धग रात्री उशिरापर्यंत जात नाही. पश्चिमेच्या खिडकीला चिक किंवा शेडनेट बाहेरून लावा. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोहोचतं तेव्हा ते काच ओलांडून आलेलं असतं.

2. बाहेरचा आकडा खाली आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. वारा पडला असेल तर एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा. मात्र हवा दमट असेल आणि रात्री एसी लावायचाच असेल, तर खिडक्या बंदच बऱ्या. गाद्या-कपड्यांत मुरलेला ओलावा काढण्यातच एसीची बरीच वीज जाते.

3. एसी 26 वर, पंखा मंद. 18 लावल्याने खोली लवकर गार होते, हा समज घट्ट बसलाय. नॉन-इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो. आकडा खाली नेला की तो फक्त उशिरा थांबतो. एक अंश वर नेलं तर साधारण 6 टक्के वीज वाचते. छताचा साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, दीड टनी एसी कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे 1500. पंख्याने अंगाला गार वाटतं, खोलीचं तापमान उतरत नाही. म्हणून खोलीत कुणी नसेल तर तो बंद करा.

4. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, सावलीत पूर्ण वाळवून बसवा. तो तुंबला की आधी झोत मंदावतो, मग आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि पाणी गळू लागतं. बर्फ खरवडू नका, कॉइलच्या पातळ पट्ट्या वाकतात. कूलिंग बंद करून फक्त फॅन मोड चालवा, बर्फ आपोआप वितळतो.

5. स्वयंपाक शक्यतो सकाळी उरका. एसी चालू असताना स्वयंपाकघराचं दार लावून तिथली खिडकी थोडी उघडा. नाहीतर एक्झॉस्ट फॅन एसीची गार हवाच बाहेर फेकतो.

एसीसोबत वॉटर कूलर कधीच लावू नका. कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसी तेच पाणी वीज खर्चून काढत बसतो.