पतसंस्थेच्या सभेला जाण्याआधी अहवाल असा वाचा

सप्टेंबर लागला की सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या घरी पतसंस्थेचा वार्षिक अहवाल येतो. वडील चादरी विणायच्या मागावर कामाला होते. त्यांनी घेतलेले शंभर रुपयांचे दहा शेअर आता माझ्या नावावर आहेत. एवढ्याशा सभासदाला कोण विचारतं, असं मनात आणू नका. सहकारात दहा शेअरवाल्याला एक मत आणि हजारवाल्यालाही एकच. शिवाय बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. म्हणून लक्ष आपणच ठेवायचं.

नफा-तोटा पत्रकात आधी दोन ओळी शोधा: 'पगार व भत्ते' आणि 'संचालक सभा भत्ता'. मागच्या सालचा आकडा शेजारी पेन्सिलीनं लिहा. व्यवस्थापकाचा पगार शिपायापासून सगळ्यांच्या पगारात मिसळलेला असतो, खरी मेख इथंच आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थेत तीन कारकून निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, तरी पगाराची रक्कम वाढली होती. सभेत मी उभी राहिले, तर 'वेळ कमी आहे' म्हणत पुढचा विषय घेतला आणि 'सर्वानुमते मंजूर' झालं. घरी येईपर्यंत डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हापासून लेखीच विचारते, तुम्हीही तसंच करा. अर्जात लिहा: गेल्या तीन वर्षांत व्यवस्थापकांना गाडी, घरभाडे, बोनस धरून एकूण किती दिले, आणि तो पगार ठरवणाऱ्या ठरावाची तारीख कोणती? दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा तारखेचा शिक्का, घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 नुसार पोटनियम (संस्थेचे स्वतःचे नियम), ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं आणि संचालक मंडळाचं इतिवृत्त सभासदाला कार्यालयात फुकट पाहता येतं. नक्कल हवी तर फी भरून मागायची, ती महिन्याभरात द्यावी लागते.

मग विषयपत्रिका शेवटपर्यंत वाचा. 'पोटनियम दुरुस्ती' दिसली की जुना नियम आणि नवा नियम शेजारी-शेजारी छापून मागा.

'विलीनीकरण', म्हणजे आपली संस्था दुसऱ्या संस्थेत मिसळणं, असेल तर ते वार्षिक सभेत उरकता येत नाही. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा लागते आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूनं असावे लागतात. घरी बसलेल्याचं मत धरत नाहीत, म्हणून त्या दिवशी लूम बंद ठेवून जा. आणि विचारा: आपली गंगाजळी कोणाकडं जाणार? दरवर्षी नफ्यातून बाजूला काढलेली ही रक्कम, तीत माझ्या वडिलांच्या पिढीचा घाम आहे. आताच्या व्यवस्थापकांना आणि संचालकांना नव्या संस्थेत कोणतं पद, किती पगार कबूल केलाय, हेही विचारा. हे उत्तर इतिवृत्तात यायलाच हवं.

विलीनीकरणाचा ठराव झाला तरी सभासदांना नोटीस येते. नोटिशीपासून एक महिन्यात शेअरची रक्कम आणि संस्थेकडचं आपलं येणं परत मागता येतं. तो अर्जही आवक शिक्का मारूनच द्या.