जुनं फुटेज बघताय, शेअर करताय? मग या चुका टाळा

शंभर-सव्वाशे वर्षं जुनी क्लिप दिसली की एकतर आपण "बापरे, खरंखुरं फुटेज" म्हणत पुढे ढकलतो, नाहीतर कुणी "अरे हे स्टेज्ड आहे" म्हटलं की सगळंच खोटं समजून सोडून देतो. मला दोन्हीचा त्रास होतो, कारण दोन्हीकडे फिल्म नीट बघायची राहूनच जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवणं. १८९८ मध्ये सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या फ्रेंच लुमिएर कंपनीचा माणूस दुब्लिए रशियात सिनेमे दाखवत फिरत होता, लोकांना ड्रेफस प्रकरण (फ्रेंच सैन्यातल्या ज्यू अधिकाऱ्यावरचा हेरगिरीचा खोटा आरोप) बघायचं होतं आणि त्याच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. मग त्याने सैन्याची परेड, पॅरिसमधली एक मोठी इमारत, एक बोट आणि नाईल नदीच्या मुखाचा देखावा असे भलतेच तुकडे जोडले आणि तोंडाने सांगत गेला, हा बघा ड्रेफस, हे कोर्ट, ही त्याला न्यायला आलेली बोट, हे त्याला ठेवलं ते बेट! शेवटी एका म्हाताऱ्या प्रेक्षकाने पकडलं, कारण ड्रेफसला अटक झाली १८९४ ला आणि लुमिएरचा कॅमेरा आला १८९५ ला. हा किस्सा दुब्लिएने स्वतःच नंतर सांगितलाय. त्यामुळे क्लिप आली की आधी घटनेचं साल आणि कॅमेऱ्याचं साल शेजारी ठेवून बघा, अर्धं काम तिथेच होतं. आणि तारीखसुद्धा बघा, कारण १९०२ चा ब्रिटनच्या सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसने फ्रान्समध्ये सेट लावून आधीच शूट करून ठेवला होता, राजा आजारी पडला, समारंभ जूनवरून ऑगस्टवर गेला, फिल्म मात्र तयार!

दुसरं, कॅमेरा कुठे उभा आहे ते बघायला विसरू नका. पहिल्या महायुद्धातल्या, १९१६ च्या सोमच्या लढाईवरच्या ब्रिटिश फिल्ममध्ये सैनिक खंदकातून वर चढतात आणि काही जण तिथेच कोसळतात, तो शॉट सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण गोळ्या सुटत असताना कॅमेरामन इतका निवांत उघड्यावर कसा, आणि सैनिकांच्या पाठीवर सामान का नाही? तो शॉट आघाडीच्या मागे, ट्रेनिंगच्या जागी घेतलेला आहे. पण म्हणून अख्खी फिल्म खोटी म्हणू नका हो, त्यातला हॉथॉर्न रिज टेकडीवरचा सुरुंगाचा स्फोट खरा आहे, जखमींचे थकलेले चेहरे खरे आहेत. निवाडा शॉटचा करायचा, फिल्मचा नाही. 'नानूक' या इनुइट लोकांवरच्या माहितीपटात (१९२२) आतलं दिसावं, उजेड यावा म्हणून अर्धाच इग्लू (बर्फाचं घर) बांधला होता, पण इग्लू बांधणारे हात सराईत आहेत, ते खोटं कसं म्हणणार?

आता हरवलेल्या फिल्मबद्दल. नेटवर मिळत नाही म्हणजे 'लॉस्ट' असं धरू नका, आणि 'लॉस्ट' म्हणजे कायमचं गेलं असंही नाही. 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचा कापलेला मोठा भाग २००८ मध्ये ब्युनोस आयर्समध्ये सापडला, कॅनडात डॉसन सिटीला १९७८ मध्ये जुन्या स्विमिंग पूलमध्ये पुरलेली पाचशेच्या वर रिळं निघाली. उलटा गोंधळही होतो, 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा हरवलेला मूकपट सापडला म्हणून जे फिरतं ते बहुतेक वेळा स्टिल फोटो जोडून २००२ मध्ये केलेलं पुनर्निर्माण असतं. आणि सगळा दोष आगीला देऊ नका. आगी लागल्याच, पण कितीतरी प्रिंट फिल्मवरची चांदी काढायला गाळल्या गेल्या, बोलपट आल्यावर मूकपट ठेवून करायचं काय म्हणून टाकून दिल्या. अमेरिकेतल्या मूक फीचर फिल्मपैकी मूळ स्वरूपात १४ टक्केच उरल्यात, हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

आणि कधी तुमच्याच हाती जुना डबा लागला तर लगेच प्रोजेक्टरवर चढवू नका. १९५० च्या आसपासपर्यंतच्या ३५ एमएम रिळात नायट्रेट (झटकन पेट घेणारं जुनं फिल्म-मटेरियल) असू शकतं, ते पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं, म्हणून जाळून तपासणंही नको. फिल्म चिकट झालीय, तपकिरी भुकटी पडतेय असं दिसलं तर उलगडू नका, डबा थंड आणि कोरड्या जागी, विस्तवापासून लांब ठेवा, डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि फिल्म आर्काइव्हला फोन करा.