कॉन्सेप्ट डिजिटल पियानो प्रत्यक्षात वाजेल का, हे कसं तपासायचं

कॉन्सेप्ट पियानोचं, म्हणजे अजून फक्त कल्पनेत असलेल्या पियानोचं, चित्र समोरून नाहीतर वरून काढलेलं असतं. काचेची पट्टी, हवेत तरंगणारा ढाचा, खालून निळा उजेड. बाजूने कापलेला छेद सहसा कुणी दाखवत नाही आणि पियानो वाजण्याजोगा आहे की नाही, ते तिथेच ठरतं. डिझाइन तुमचं असो वा एखाद्या कंपनीचं, आधी कागदावर खऱ्या मापात तो छेद काढा.

छेदात तीन गोष्टी हव्यात: पांढऱ्या पट्टीचा बाहेर दिसणारा भाग साधारण १५० मिमी, दाबल्यावर टोक खाली जातं ते अंतर सुमारे १० मिमी, आणि पट्टी ज्यावर डोलते तो टेकू. टेकू कुठे आहे हे चित्रात नसेल, तर डिझायनरने अजून पियानो काढलेलाच नाही, नुसता खोका काढला आहे.

आता हिशोब. टोकाशी पट्टी ५५ ग्रॅमला खाली जाते आणि टेकू टोकापासून २०० मिमीवर आहे असं धरा. काळ्या पट्ट्यांच्या मधे, टोकापासून १४० मिमी आत बोट ठेवलं की तिथून टेकू फक्त ६० मिमीवर उरतो. तिथे लागणारा जोर: ५५ × २०० ÷ ६०, म्हणजे जवळपास १८३ ग्रॅम. पट्टी खाली जाते जेमतेम ३ मिमी. टेकू २५० मिमीवर नेला तर त्याच जागी १२५ ग्रॅम आणि ४.४ मिमी. मोठे ग्रँड पियानो आतल्या बाजूलाही मऊ लागतात, त्याचं एक मोठं कारण ही लांबी. उलट २०१९चा कॅसिओ पीएक्स-एस१००० घ्या. पूर्ण खोली २३२ मिमी, वजन ११.२ किलो. खांद्यावर टाकून नेता येतो, पण एवढ्या खोलीत टेकू फार मागे जाणार नाही हे उघड आहे. हा दोष नव्हे, सौदा आहे. तुमच्या चित्रात खोली १५० मिमी दाखवली असेल तर मात्र सौदाही नाही, तिथे पट्टीला मागे जागाच उरत नाही.

दुकानात ही चाचणी नाण्यांवर होते. २०११ नंतर आलेलं १ रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, पांढऱ्या पट्टीच्या रुंदीत बसणारं. अशा १४ नाण्यांची थप्पी ५३ ग्रॅम भरते. २०१९च्या मालिकेतलं नाणं हलकं आहे, त्यामुळे घरून निघताना थप्पी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या. मधल्या सा-च्या, म्हणजे मिडल सीच्या, टोकावर थप्पी हळूच ठेवा आणि किती नाण्यांना पट्टी खाली बसते ते मोजा. आतल्या बाजूला काळ्या पट्ट्या आड येतात. तिथे अरुंद खोडरबर उभा ठेवून त्यावर नाणी रचा आणि रबराचं वजन धरायला विसरू नका. आतला आकडा टोकाच्या अडीच पटीपुढे गेला, तर काळ्या पट्ट्यांनी भरलेल्या रचना वाजवताना चौथं-पाचवं बोट लवकर थकणार.

लांबीची थाप तर पटकन पकडता येते. ५२ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकी २३.५ मिमी, म्हणजे १२२२ मिमी, आणि हा नुसता पट्ट्यांचा विस्तार. ८८ पट्ट्या एक मीटरच्या ढाच्यात दाखवल्या असतील तर पट्ट्या अरुंद केल्या आहेत, आणि एका सा-पासून वरच्या सा-पर्यंत बोटं पसरण्याचा जो ताण हाताला अंगवळणी पडलेला असतो तो चुकणार. पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना करून टेबलावर ठेवा: पट्टीचा वरचा भाग जमिनीपासून ७१ ते ७४ सेंटीमीटर, खाली मांडीला किमान ६० सेंटीमीटर मोकळं. मग वर स्वरलिपीचे दोन ए४ कागद शेजारी शेजारी उभे करून बघा. त्यांच्यासाठी ४२ सेंटीमीटर रुंदीची ठेवणी बऱ्याच देखण्या चित्रांमध्ये गायबच असते.

सपाट काच किंवा टेबलावर लेझरने उमटवलेल्या पट्ट्या ही सगळ्यात वारंवार येणारी कल्पना, आणि सगळ्यात कमकुवत. डिजिटल पियानो जोर मोजत नाही, वेग मोजतो: पट्टी खाली जाताना वाटेत दोन किंवा तीन सेन्सर पार करते, त्यांच्यातल्या वेळेवरून आवाज ठरतो. पट्टी हललीच नाही तर मोजायला वाटच उरत नाही. शिवाय न वाजवता बोट पट्टीवर टेकवून ठेवता येत नाही, आणि पियानोवादकाची बोटं अर्धा वेळ तशीच टेकलेली असतात. काचेखाली कंपन देणारी मोटर बसवली तरी ती स्वर लागल्यावर थरथरते, आधी वाट दाखवत नाही.

मऊ पृष्ठभागाची गोष्ट वेगळी. लंडनच्या रोली कंपनीने २०१३मध्ये आणलेल्या सीबोर्डवर सिलिकॉनच्या लाटांवरून बोट सरकवलं की स्वर सरकतो. हार्मोनियमवर जी मींड येत नाही ती इथे येते. असं काही करायचं असेल तर एमपीई पाळा, म्हणजे मिडी या वाद्यांमधल्या डिजिटल संदेशपद्धतीचा विस्तार. २०१८मध्ये मान्य झालेल्या या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतःचं चॅनेल मिळतं, एका झोनमध्ये, म्हणजे चॅनेलांच्या एका गटात, १५ पर्यंत. पण याला पियानोची जागा घेणारं वाद्य म्हणू नका. हंगेरियन पियानोवादक पाउल फॉन यांकोने १८८२मध्ये सहा ओळींची पट्टीरचना काढली, तर्कशुद्ध आणि हाताला सोपी. तरी ती रुळली नाही, कारण तिच्यासाठी शिकलेलं सगळं नव्याने शिकावं लागे.

घडीचा पियानो काढत असाल तर सांधा ग–म किंवा नी–सा यांच्यामध्येच घ्या, तिथे मधे काळी पट्टी नसते. फट एक मिलिमीटरच्या आत हवी आणि उघडल्यावर बिजागरीपाशी ढाचा लवता कामा नये, नाहीतर त्या दोन पट्ट्यांची उंची वेगळी लागते आणि ती बोटांना लगेच कळते.

बिनतारी आवाजाची परीक्षा अशी. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पेन्सिलीच्या टोकाने पट्टी ठोका, आधी तारेच्या हेडफोनवर आणि मग ब्लूटूथवर, हेडफोन माइकजवळ धरून. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वेळा ठोक्यापासून स्वरापर्यंतचं अंतर मोजा. पट्टी खाली जायचा वेळ दोन्हीकडे सारखाच, म्हणून फरक निव्वळ ब्लूटूथचा. साध्या ब्लूटूथवर तो १०० मिलिसेकंदांच्या वर सहज जातो. २० नंतर हात अडखळायला लागतो. तुलनेला, मिडीच्या जुन्या केबलवर एका स्वराचा तीन बाइटचा संदेश ०.९६ मिलिसेकंदात पोचतो.

रोलंड या जपानी वाद्यकंपनीने आपल्या ५०व्या वर्षानिमित्त केलेलं कॉन्सेप्ट मॉडेल २०२३च्या सीईएस या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात मांडलं. कारिमोकू या जपानी फर्निचर कंपनीने घडवलेला ओकचा ढाचा, चहूबाजूंनी आवाज, आणि वर उडणारे ड्रोन स्पीकर. यातला चहूबाजूंचा आवाज घरात कामाचा आहे. ड्रोनबद्दल मात्र तीन प्रश्न विचारा: पंख्यांचा आवाज हळू वाजणाऱ्या स्वरांखाली दबेल का, बॅटरी किती मिनिटं टिकेल, आणि बिनतारी उशीर भरून कसा काढणार? स्पीकर एक मीटर दूर गेला की आवाजाला ३ मिलिसेकंद जास्त लागतात, तेही धरायचे.

शेवटी दुरुस्ती. पट्ट्यांखालची रबराची संपर्कपट्टी धुळीने खराब झाली की एखादा स्वर एकदम जोरात वाजतो नाहीतर वाजतच नाही. ती काढून पुसता येते, बदलता येते. बटणांऐवजी एकच टचपॅनेल असेल तर सुटा भाग मिळेल का ते लेखी घ्या, आणि पावसाळ्यात ओलसर बोटांनी ते चालवून बघा. फोनमधलं ॲप बंद असताना पियानो सुरू होऊन वाजायला हवा. विकत घेण्याआधी दुकानातच फोन विमानमोडवर टाकून हे तपासून घ्या.