नाटकातली इंटर्नशिप संपवून निघताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की आमच्या इंटर्न पोरापोरींचे डोळे पुढे लागतात. परीक्षा, निकाल, मुंबईला जायचं की पुण्यातच राहायचं, घरी काय सांगायचं. कुणी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातून नाटक शिकून आलेलं असतं, कुणी इंजिनिअरिंग करता करता पुरुषोत्तम आणि फिरोदिया या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धांत रमलेलं. सहा महिने ही मुलं अक्षरशः राबतात आणि शेवटच्या पंधरा दिवसांत आधीच्या बॅचनं केलेल्या चुका जशाच्या तशा करतात. मी स्टेज मॅनेजर आहे. दर वर्षी तेच सांगून थकले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

काम डोक्यात ठेवून निघून जाणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्याबद्दल मी सविस्तर बोलणार आहे.

आमचं एक दोन अंकी नाटक होतं. दुसऱ्या अंकात वडील टेबलाच्या ड्रॉवरमधून मुलाचं पत्र काढतात, वाचतात आणि फाडून टाकतात. मग आई येते आणि काही न बोलता जमिनीवरचे तुकडे वेचते. पत्र दर प्रयोगाला फाटणार, म्हणजे दर प्रयोगाला नवं हवं. आमची इंटर्न ते स्वतः लिहायची. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायची, शाईपेननं लिहायची आणि चार घड्या अशा घालायची की उघडताच पहिली ओळ नटाच्या समोर यावी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकं मन लावून ती काम करत होती.

शुक्रवारी तिची इंटर्नशिप संपली. आम्ही केक कापला, फोटो काढले. रविवारी सांगलीला प्रयोग. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, त्या गावात प्रयोग म्हटलं की आमच्या ज्येष्ठ नटांच्या अंगात वेगळाच उत्साह असतो. प्रॉपर्टीच्या, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तूंच्या, यादीत एवढंच लिहिलेलं: ‘पत्र – १ – ड्रॉवर’. नव्या मुलानं पेटी शोधली, पत्र दिसेना. त्यानं एकाला विचारलं. तो म्हणाला, ‘ते ती आणते.’ एवढ्यात तिसरी घंटा झाली आणि विषय तिथेच राहिला.

मी रंगमंचाच्या कडेला, विंगेत उभी होते. नटानं ड्रॉवर उघडला आणि त्यांचा हात थांबला. दोन क्षण. मग त्यांनी ड्रॉवर हळूच बंद केला, खिडकीपाशी गेले आणि अख्खं पत्र तोंडपाठ म्हटलं. आई आली तेव्हा वेचायला जमिनीवर काहीच नव्हतं. ती नुसती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. प्रेक्षकांना काही कळलं नाही, टाळ्याही पडल्या. परतीच्या बसमध्ये कराड येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग ते नट म्हणाले, ‘मला कागद फाडायचा होता गं.’

यात माझी चूक तिच्याइतकीच, किंबहुना जास्तच होती. यादी मी तपासायला हवी होती. तेव्हापासून माझ्याकडे एक रीत आहे. निघणाऱ्यानं दोन प्रयोग नव्या माणसाला द्यायचे. पहिल्या प्रयोगात तुम्ही काम करायचं आणि नव्यानं वहीत लिहायचं. वही त्यानंच लिहायची, तुम्ही लिहून हातात ठेवलीत तर तो वाचत नाही. कुठला प्रवेश, कुठली विंग, कुठली वस्तू, कोण घेऊन जातं, परत कुठे येते, दर प्रयोगाला नवं काय लागतं, ते कुठून आणायचं. दुसऱ्या प्रयोगात सगळं त्यानं करायचं आणि तुम्ही प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत बसायचं. विंगेत थांबलात तर हात मदतीला जाणारच, आणि त्याचं काय अडतंय ते कधी कळणार नाही.

हल्ली पोरं म्हणतात, ‘ताई, सगळ्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकलाय.’ व्हिडिओत ड्रॉवरमध्ये पत्र ठेवलेलं दिसतं. ते आदल्या रात्री चहात बुडवून वाळत घालावं लागतं, हे कुठे दिसतं?

‘ताई, काही काम असेल तर सांगा’

हा मेसेज मला आठवड्यातून तीनदा येतो. मी ‘हो, नक्की’ लिहिते आणि विसरते. शनिवार-रविवारचे प्रयोग, टेम्पो वेळेवर निघालेला नाही, एकाला ताप आलाय, अशा गडबडीत मी तुमच्यासाठी काम शोधत बसणार नाही. मला त्या क्षणी एक माणूस हवा असतो आणि ज्याचं नेमकं काही आठवतं त्यालाच फोन जातो.

एका मुलानं मला लिहिलं होतं: ‘गुरुवारपासून मोकळा आहे. लाइट्सचं पॅचिंग येतं, सोल्डरिंग येतं, दुचाकी आहे. दौऱ्याला येईन. नाईट काय ते तुम्ही सांगा.’ (नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे.) चारच ओळी. पुढच्या आठवड्यात ठाण्याला गडकरी रंगायतनच्या प्रयोगाआधी आमचा लाइटवाला अडकला आणि मला हाच मुलगा आठवला. तेव्हा असं लिहा. काय येतं, कधीपासून मोकळे, कुठवर येऊ शकता. जे येत नाही ते येतं म्हणून लिहू नका. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या पहिल्याच डिमरपाशी कळतं.

आणि तिकीट काढून प्रयोग बघायला या. मेसेजपेक्षा तो माणूस लक्षात राहतो.

बाकीच्या, पण तितक्याच महागात पडणाऱ्या

‘सहभाग घेतला’ एवढंच लिहिलेलं सर्टिफिकेट घेऊन घरी जाऊ नका. नाटकाचं नाव, प्रयोग किती, तुमची जबाबदारी काय, हे पत्रावर लिहून घ्या, आणि शेवटच्या आठवड्यातच घ्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या प्रवेशासाठी पदवीबरोबर किमान सहा नाटकांतला सहभाग मागतात. तेव्हा पुरावा म्हणून जाहिराती आणि ब्रोशर शोधत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत.

केंद्र सरकारची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती अनेकांना सव्विसाव्या वर्षी कळते. वयाची अट १८ ते २५ आहे. दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे किंवा संस्थेत पाच वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं, म्हणून कागद आतापासून जपा.

कॉलेज सुटल्या सुटल्या स्वतःची संस्था काढून दोन अंकी नाटक बसवायची घाई करू नका. एकांकिकेत जो जोर तासाभराच्या आत पुरतो, तो दोन तास पुरत नाही. शिवाय पुरुषोत्तममध्ये नेपथ्य-प्रकाशाला गुण नसतात, त्यामुळे पुण्यातल्या पोरांना बॅकस्टेज म्हणजे दुय्यम वाटायला लागतं. पुरुषोत्तमचा तो नियम चांगलाच आहे, संहिता आणि अभिनयाकडे लक्ष राहतं. पण दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली सेट लावा, मग दिग्दर्शन करा. घाई करणाऱ्यांचं तिसरं नाटक मी फारसं पाहिलेलं नाही.

नोकरी धरली म्हणजे नाटक सोडलं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. इथे नाईट प्रयोगावर मिळते. निवडणुका आल्या, परीक्षा आल्या, पाऊस लागला की प्रयोग कमी होतात आणि खोलीचं भाडं कमी होत नाही. घरी हे आकडे लपवू नका, खरे सांगा.

शेवटच्या दिवशी नटांबरोबर सेल्फी काढून निघून जाणं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. कपडेपटवाले, रंगभूषेचे दादा, सेटवाले काका, टेम्पोवाला, ही माणसं चार-चार संस्थांची कामं करतात आणि कुठे माणूस कमी आहे हे त्यांना आधी कळतं. त्यांचे नंबर घ्या, पाया पडा, आणि त्या रात्री त्यांच्याबरोबर सेट उतरवून टेम्पो भरायला थांबा. फ्लॅट, म्हणजे सेटच्या रंगवलेल्या भिंती, उभे ठेवा, मध्ये जुनी चादर घाला म्हणजे रंग खरवडत नाही. प्रॉपर्टीची पेटी तेवढी टेम्पोत टाकू नका. सांगलीनंतर ती नेहमी बसमध्ये माझ्या सीटखाली असते.