टॉप गिअरला टाकूनही ट्रक पळत नाही?

नागपूरजवळच्या वाडीतल्या गॅरेजात जुना ट्रक उभा करून इंजिन खोलायला सांगण्याआधी क्राउन-पिनियनचे (मागच्या धुरीतल्या दातेरी चाकांच्या जोडीचे) दात विचारा. 41 आणि 6 असतील तर रेशो 6.83, म्हणजे टॉपला (1:1) इंजिनचे जवळपास सात फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. आता टायर. गाडी लोड असताना मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, चाकाचा एक पूर्ण फेरा होईल एवढी गाडी पुढे घ्या, अंतर मोजा. 3.2 मीटर भरलं, तर इंजिनची हद्द 2400 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरून ताशी साधारण 67 किमी. त्यापुढे डिझेल पंप कितीही वाढवा, धूरच निघेल!

तेच 41 आणि 7 बसवले की वेग 79 च्या आसपास जातो. पण भरल्या गाडीनं जबलपूर रस्त्यावरचा कुरईचा घाट चढताना गिअर लवकर उतरवावा लागेल. संत्रावाल्याला हे परवडेल, रेतीवाल्यानं या भानगडीत पडूच नये.

9.00-20 मापाचे टायर काढून 10.00-20 चे टाकले तर फरक जेमतेम तीनेक टक्क्यांचा, शिवाय वेगाचं मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. आणि जोडचाकात (मागे एकाच बाजूला लागून बसवलेल्या दोन चाकांत) एक नवा, एक घासलेला टायर नको; मोठ्यावर जास्त वजन येऊन तोच आधी जातो.