कोकणात ताजी मासोळी खायची तर जून टाळा

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून बरीच घरं जूनमध्येच कोकणात निघतात आणि फसतात. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात पडणारी सुरमई बहुधा बर्फातलीच. दिवाळीच्या सुट्टीत जा.

दापोलीजवळचं हर्णै किंवा मालवण गाठा. दोन्हीकडे होड्या लागल्या की किनाऱ्यावरच लिलाव होतो. बोली अख्ख्या ढिगाची किंवा टोपलीची असते, त्यामुळे चौघांपुरती मासोळी बाजूला बसलेल्या कोळिणींकडून घ्या. मुक्कामाच्या घरी शिजवून देतील का, हे आधीच विचारून ठेवा.

पारख रोहू-कतल्यासारखीच: कल्ले लाल, डोळे फुगीर, बोट दाबलं तर मांस परत वर येतं. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग मात्र दाबून पाहा. पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर-मळकट आलं तर सोडा. बांगडा उन्हात राहिलेला नको. त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि अंगाला खाज सुटते.

खानावळीत मेनूकार्ड बाजूला ठेवून "आज काय आलं?" एवढंच विचारा. सावजी तिखटाची सवय असली तरी जास्त मसाला मागू नका, त्यात शिळेपण लपतं. लेकरांसाठी सुरमईचा तुकडा बरा. मधला काटा काढला की रोहूसारखे बारीक काटे निवडत बसावं लागत नाही.

परतीला ओली मासोळी नकोच. सुकट, सुके बोंबील आणा.