भटकंतीसाठी चाकूला धार लावण्याचे साधन निवडताना
डोंगरात मुक्कामी नेण्यासाठी धार लावण्याचे साधन घेताना, ते किती लहान आहे यापेक्षा ते पात्यावर कसे काम करते हे आधी पाहावे. खाचेतून पाते ओढण्याची कार्बाइडची (पोलादाहून कठीण अशा पदार्थाची) स्वस्त साधने झटपट धार देतात खरी. पण ती पोलाद घासण्याऐवजी खरवडत असल्याने पाते लवकर झिजते आणि त्यांचा कोनही बहुधा बदलता येत नाही, म्हणून चांगल्या चाकूसाठी ती मी मुळीच सुचवणार नाही. त्याऐवजी एका बाजूस सुमारे ३२५ आणि दुसऱ्या बाजूस ६०० ग्रिट (कणांच्या बारीकपणाचा आकडा; तो जितका मोठा तितके कण बारीक) असलेली, हिऱ्याच्या कणांची छोटी पट्टी घ्यावी, कारण ती तेलाविना चालते, दगडासारखी मध्ये खोलगट होत नाही आणि हातातून पडली तरी सहसा फुटत नाही. पात्याला दाते असतील तर मात्र निमुळती कांडीच लागते. भटकंतीच्या चाकूला प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांचा कोन मानवतो, आणि तो धरण्यासाठी साधनावरच उतार दिलेला असल्यास नवख्याला फार सोपे जाते. पट्टीवर जोर देऊ नये, जोराने हिऱ्याचे कण उखडतात. काम झाल्यावर पाते आणि पट्टी पुसून कोरडी करावीत. सह्याद्रीतल्या पावसाळ्यात तर हे विसरूच नये.